ग्रेटल वापरून मंदीची शक्यता मोजण्याचं मॉडेल कसं बांधावं

अमेरिकेत मंदी येण्याची शक्यता अमुक टक्के, अशी बातमी वर्षातून दोनतीनदा तरी वाचायला मिळते. त्यातला बराच भाग न्यूयॉर्क फेडच्या, म्हणजे अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या (फेडच्या) न्यूयॉर्कमधल्या बँकेच्या, एका साध्या मॉडेलवर उभा असतो. अर्तुरो एस्ट्रेला आणि फ्रेडरिक मिश्किन या अर्थतज्ज्ञांनी १९९६ मध्ये ते सोप्या स्वरूपात मांडलं आणि आजही ते दर महिन्याला चालवलं जातं. सरकारी रोख्यांचे दोन व्याजदर, मंदीचे अधिकृत महिने आणि प्रोबिट नावाचं समीकरण एवढंच त्यात आहे. एका संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवर ते उभं करता येतं. मॉडेल चालवणं सोपं आहे, त्याचं उत्तर नीट वाचणं अवघड आहे. म्हणून खालच्या मजकुरात बटणांपेक्षा तपासण्यांना जास्त जागा दिली आहे.

सॉफ्टवेअर म्हणून ग्रेटल घेऊ. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि मेन्यूतून काम करता येत असल्यामुळे कोडिंग न येणाऱ्यालाही जमतं. आर किंवा पायथनमध्ये काम करणाऱ्यांना हेच मॉडेल दोन ओळींत लिहिता येईल आणि उत्तरही तेच येईल, कारण प्रोबिटचं गणित सगळीकडे एकच आहे. स्टाटा किंवा ईव्ह्यूजसाठी पैसे मोजण्याची या कामाला गरज नाही.

एक सूचना आधीच. इथे सूत्रं आणि मालिकांची नावं देवनागरीत दिली आहेत, पण ग्रेटलमध्ये टंकताना अक्षरं आणि आकडे रोमन वापरा. देवनागरी आकडा टाकला तर ग्रेटल सूत्र नाकारेल.

डेटा आणणं

सेंट लुईस फेडच्या 'फ्रेड' या संकेतस्थळावर तिन्ही मालिका फुकट मिळतात.

पहिली 'जीएस१०': दहा वर्षांच्या अमेरिकी सरकारी रोख्याच्या परताव्याची मासिक सरासरी. ही एप्रिल १९५३ पासून आहे. दुसरी 'टीबी३एमएस': तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलाचा (अल्पमुदतीच्या सरकारी कर्जरोख्याचा) दुय्यम बाजारातला दर, तोही मासिक सरासरी, १९३४ पासूनचा. तिसरी 'यूएसआरईसी': मंदीच्या महिन्याला १ आणि इतर महिन्यांना ०.

फ्रेडवर 'जीएस१०' उघडा, 'एडिट ग्राफ'मध्ये जाऊन 'अ‍ॅड लाइन'ने उरलेल्या दोन्ही मालिका त्याच आलेखात जोडा, सुरुवातीची तारीख १ जानेवारी १९५९ करा आणि सीएसव्ही उतरवा. तिन्ही एकाच फाइलमध्ये आल्या की तारखा जुळवण्याचं काम वाचतं. डिसेंबर २०२४ पर्यंतचा डेटा घेतला तर बरोबर ७९२ ओळी हव्यात. कमी-जास्त असतील तर पुढे जाऊ नका.

ही फाइल मध्येच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. भारतीय मांडणीच्या विंडोजवर एक्सेल तारखा दिवस-महिना-वर्ष अशा उलटवून ठेवतो आणि मग ग्रेटलला त्या तारखा आहेत हेच कळत नाही. पाहायचीच असेल तर नोटपॅडमध्ये पाहा.

मालिका निवडताना इथेच तीन चुका होतात. फ्रेडवर दहा वर्षं आणि तीन महिने यांच्यातल्या फरकाची तयार मालिकाही आहे, पण ती १९८२ पासूनच आहे. म्हणजे १९६० पासून १९८१-८२ पर्यंतच्या पाचही मंद्या तुमच्या हातातून जातात. इतक्या कमी घटनांवर चालणाऱ्या मॉडेलसाठी हा मोठा तोटा आहे. दुसरी चूक म्हणजे दैनिक मालिकेतला महिनाअखेरचा आकडा घेणं. परतावा वक्र (मुदतीनुसार रोख्यांचे दर दाखवणारी रेघ) एखाद्या दिवशी उलटा होऊन, म्हणजे दीर्घ मुदतीचा दर अल्पमुदतीच्या दराखाली जाऊन, परत सरळ होतो आणि त्या एका दिवसाला अर्थ नसतो, म्हणून मासिक सरासरीच घ्यायची. तिसरी चूक 'यूएसआरईसी'च्या जुळ्या भावंडांची. फ्रेडवर 'यूएसआरईसीएम' आणि 'यूएसआरईसीपी' नावाच्या मालिकाही आहेत. 'यूएसआरईसी' शिखराच्या (घसरण सुरू होण्याआधीच्या सर्वोच्च बिंदूच्या) पुढच्या महिन्यापासून तळाच्या (घसरण संपते त्या) महिन्यापर्यंत १ धरते, 'यूएसआरईसीएम' शिखराचा महिनाही मोजते, तर 'यूएसआरईसीपी' शिखरापासून तळाच्या आदल्या महिन्यापर्यंत जाते. कोणतीही चालेल, पण एक घेतली की शेवटपर्यंत तीच ठेवा.

मंदी कोण ठरवतं आणि त्याचा मॉडेलशी काय संबंध

अमेरिकेत मंदीच्या तारखा एनबीईआर या खासगी संशोधन संस्थेची समिती ठरवते. सलग दोन तिमाही जीडीपी घसरला की मंदी, हा नियम ती समिती पाळत नाही. रोजगार, उत्पन्न, उत्पादन, विक्री असं बरंच काही पाहून ती निर्णय देते आणि त्यासाठी भरपूर वेळ घेते. डिसेंबर २००७ हे शिखर होतं हे तिने १ डिसेंबर २००८ ला जाहीर केलं, तोवर लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडून अडीच महिने झाले होते. मार्च १९९१ चा तळ तर २१ महिन्यांनी, डिसेंबर १९९२ मध्ये जाहीर झाला.

याचा थेट परिणाम तुमच्या फाइलवर होतो. समितीने काही जाहीर करेपर्यंत 'यूएसआरईसी'त शून्यच दिसतं. ते शून्य 'मंदी नाही' असं सांगत नाही, 'अजून निर्णय नाही' एवढंच सांगतं. म्हणून मॉडेलचे गुणांक (समीकरणातले आकडे) काढताना शेवटची किमान दीड-दोन वर्षं बाहेर ठेवा. ती ठेवली नाहीत तर मंदीच्या तोंडावर असताना मॉडेलला तुम्ही स्वतःच 'काही झालेलं नाही' असं शिकवता.

फाइल आत घेणं आणि तपासणं

ग्रेटलमध्ये 'फाइल', 'ओपन डेटा', 'यूझर फाइल' या वाटेने सीएसव्ही उघडा. तारखा ओळखल्या गेल्या तर खिडकीच्या तळाशी मासिक डेटा १९५९ पासून असल्याचं दिसेल. 'अनडेटेड' दिसलं तर 'डेटा' मेन्यूतल्या 'डेटासेट स्ट्रक्चर'मध्ये जा, 'टाइम सिरीज', मग 'मंथली' निवडा आणि सुरुवात १९५९:०१ द्या. हे चुकलं तर लॅग, म्हणजे मागच्या महिन्यांचे आकडे, घेताच येणार नाहीत.

आता 'सॅम्पल', 'सेट रेंज'ने १९६०:०१ ते २०२३:१२ एवढा काळ लावा आणि 'यूएसआरईसी'वर उजवी क्लिक करून सारांश आकडे पाहा. या ७६८ महिन्यांत मंदीचे महिने ९५ आहेत, म्हणजे सरासरी ०.१२४ च्या जवळ यायला हवी. वेगळी आली तर मालिका चुकली किंवा काळ चुकला.

९५ महिने ऐकायला बरे वाटतात, पण त्या प्रत्यक्षात फक्त नऊ मंद्या आहेत: १९६०, १९७०, १९७३-७५, १९८०, १९८१-८२, १९९०-९१, २००१, २००८-०९ आणि २०२०. तुमच्या मॉडेलचं सगळं शिक्षण या नऊ प्रसंगांवर झालेलं असतं. पुढचा प्रत्येक निर्णय घेताना हा नऊचा आकडा समोर असू द्या.

तपासून झालं की 'सॅम्पल' मेन्यूतून पूर्ण काळ परत लावा.

ट्रेझरी बिलाचा दर बदलून घेणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात. 'टीबी३एमएस' हा सवलतीच्या पद्धतीने आणि ३६० दिवसांचं वर्ष धरून सांगितलेला दर आहे. दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा मात्र वेगळ्या पद्धतीने मोजतात. दोन्हींची वजाबाकी करण्याआधी बिलाचा दर रोख्याच्या भाषेत आणावा लागतो. 'अ‍ॅड', 'डिफाइन न्यू व्हेरिएबल'मध्ये हे सूत्र द्या:

बिल = १०० * (३६५ * टीबी३एमएस/१००) / (३६० - ९१ * टीबी३एमएस/१००)

आणि मग:

फरक = जीएस१० - बिल

अर्थात नावं रोमनमध्ये, सोयीची आणि छोटी ठेवा. दर ५ टक्के असताना बदललेला दर ५.१३ येतो, म्हणजे तफावत किरकोळ. पण दर १५ टक्के असेल तर १५.८१ येतो, पाऊण टक्क्याहून जास्त. १९८०-८१ मध्ये अमेरिकेत दर त्या उंचीवर होते, आणि त्याच काळातल्या दोन मंद्या तुमच्या नऊमध्ये आहेत. पायरी गाळली तर नेमक्या तिथे फरक चुकीचा बसतो आणि गुणांक सरकतात.

प्रोबिट चालवणं

प्रोबिट म्हणजे काय, ते एवढंच: फरकाला एका गुणांकाने गुणायचं, त्यात एक स्थिरांक मिळवायचा आणि आलेली संख्या प्रसामान्य वितरणाच्या संचयी फलनातून काढायची. त्यामुळे उत्तर नेहमी ० आणि १ यांच्या मध्ये राहतं. साधं रेषीय समीकरण लावलं तर उणे संभाव्यता येऊ शकते, आणि तिला काही अर्थ नाही.

बारा महिने पुढचा अंदाज हवा, तर आजच्या मंदीचं नातं बारा महिन्यांपूर्वीच्या फरकाशी लावायचं. त्यासाठी आणखी एक चल (व्हेरिएबल) बनवा:

फरक१२ = फरक(-१२)

ग्रेटलमध्ये कंसातला उणे आकडा मागचा महिना दाखवतो. इथे अधिक चिन्ह पडलं तर तुम्ही भविष्यातल्या व्याजदरावरून आजची मंदी सांगायला लागता, आणि गंमत म्हणजे समीकरण काही तक्रार न करता चालतं. मॉडेलच्या खिडकीत 'लॅग्ज' नावाचं बटण आहे, पण त्यात १ ते १२ असं निवडलं जाऊन बाराच्या बारा लॅग आत शिरण्याचा धोका असतो. वेगळं चल बनवणं जास्त सुरक्षित.

'सॅम्पल' १९६०:०१ ते २००९:१२ लावा. न्यूयॉर्क फेडने आपले गुणांक जानेवारी १९५९ ते डिसेंबर २००९ च्या डेटावरून काढलेले आहेत, त्यामुळे आधी हाच काळ घेतला की पडताळा घेता येतो. मग 'मॉडेल', 'लिमिटेड डिपेंडंट व्हेरिएबल', 'प्रोबिट', 'बायनरी' असं जा. अवलंबी चल 'यूएसआरईसी', स्वतंत्र चल 'फरक१२', स्थिरांक राहू द्या.

न्यूयॉर्क फेडचा स्थिरांक उणे ०.५३३३ आणि फरकाचा गुणांक उणे ०.६३३० आहे. तुमचे आकडे याच्या आसपास यायला हवेत. मंदीची मालिका कोणती घेतली आणि काळ कुठून धरला त्यानुसार दुसऱ्या दशांशात हलतील, ते चालेल. फरकाचा गुणांक धन आला तर थांबा. एकतर वजाबाकी उलटी झाली आहे किंवा लॅगचं चिन्ह चुकलं आहे.

गुणांकासमोरची प्रमाण त्रुटी (गुणांकातली अनिश्चितता) आणि पी-मूल्य (असं नातं निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) पाहून हुरळून जाऊ नका. पी-मूल्य इतकं लहान असतं की पुढे बरीच शून्यं दिसतात. पण मंदीचे महिने घोळक्याने येतात. फेब्रुवारी २००८ मंदीत असेल तर मार्च २००८ ही असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे ६०० ओळी या ६०० स्वतंत्र साक्षी नाहीत. ग्रेटल त्या तशा धरतं, म्हणून अनिश्चितता खरी असते त्याहून बरीच कमी दाखवतं. खिडकीतला 'रोबस्ट' पर्याय निवडला तरी हा घोळक्याचा दोष जाईलच असं धरू नका.

आकडा काढून पाहणं

आता पूर्ण काळ परत लावा आणि संभाव्यता काढा. ग्रेटलमध्ये प्रसामान्य संचयी फलनाचं नाव 'सीनॉर्म' आहे:

शक्यता = सीनॉर्म(-०.५३३३ - ०.६३३० * फरक)

इथे लॅग नाही, हे लक्षात घ्या. आजचा फरक टाकला की आजपासून बाराव्या महिन्यात मंदी असण्याची संभाव्यता मिळते. स्वतःचे गुणांक टाकायचे असतील तर तेच टाका, पण आधी फेडचे टाकून मे २०२३ ची ओळ तपासा. त्या महिन्यात दहा वर्षांचा दर ३.५७ आणि बिलाचा ५.१४ होता. बदललेला बिल-दर ५.२८, फरक उणे १.७१ आणि संभाव्यता ७१ टक्क्यांच्या जरा खाली यायला हवी. ६८ टक्के आली तर तुम्ही बिलाचा दर बदलायचा विसरलात.

फरक आणि संभाव्यता यांचं नातं डोक्यात बसवण्यासाठी काही बिंदू ध्यानात ठेवा. फरक २ टक्के असताना संभाव्यता ४ टक्क्यांहून कमी असते. १ टक्क्याला १२, शून्याला ३०, उणे अर्ध्याला ४१ आणि उणे १ ला ५४ टक्के. म्हणजे वक्र 'उलटा झाला' या क्षणी काही कडेलोट होत नाही. किंचित अधिक आणि किंचित उणे यांत मॉडेलला फार फरक दिसत नाही. बातम्यांमध्ये शून्य ओलांडण्याला जे महत्त्व मिळतं, ते या गणितात कुठेच नाही.

आलेख काढताना संभाव्यता बारा महिने पुढे सरकवा, म्हणजे मे २०२३ चा आकडा मे २०२४ वर बसवा. नाहीतर मंदीच्या पट्ट्यांच्या बऱ्याच आधी शिखर दिसतं आणि मॉडेल चुकलं असं वाटतं.

हा आकडा नेमकं काय सांगतो

'येत्या बारा महिन्यांत मंदी येण्याची शक्यता' असं सगळीकडे लिहिलं जातं. ते चूक आहे. हा आकडा एका विशिष्ट महिन्याबद्दल, म्हणजे आजपासून बाराव्या महिन्याबद्दल बोलतो. 'पुढच्या बारापैकी कोणत्याही महिन्यात' असं विचारायचं असेल तर अवलंबी चल बदलावं लागतं: पुढच्या बारा महिन्यांच्या 'यूएसआरईसी'ची बेरीज शून्यापेक्षा मोठी असेल तर १, नाहीतर ०. त्यात फरक लॅग न घेता वापरायचा. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण उत्तरं वेगळी येतात. दुसऱ्या प्रश्नात 'हो' येणारे महिने जास्त असल्यामुळे त्याची संभाव्यता एकंदरीत वरच राहते. आकडा कोणाला सांगताना कोणत्या प्रश्नाचा आहे, तेही सांगा.

पन्नास टक्क्यांचा सापळा

ग्रेटल मॉडेलखाली 'करेक्टली प्रेडिक्टेड' असा एक आकडा देतं. त्याकडे बघू नका. १९६० ते २०२३ मध्ये ८७.६ टक्के महिने मंदीबाहेरचे आहेत. 'मंदी कधीच येणार नाही' असं दर महिन्याला म्हणणारा माणूसही ८७.६ टक्के वेळा बरोबर ठरतो. शिवाय ही मोजणी ५० टक्क्यांची रेघ धरते, आणि या मॉडेलसाठी ती रेघ निरुपयोगी आहे.

का, ते आकड्यांतच दिसतं. १९९० च्या मंदीआधी, १९८९ च्या मध्याला संभाव्यता ३३ टक्क्यांच्या आसपासच होती. २००१ च्या मंदीआधी, डिसेंबर २००० मध्ये ती ४६ वर गेली. मार्च २००७ मध्ये ४२. ऑगस्ट २०१९ मध्ये ३८. या चारही वेळा पुढे मंदी आली आणि एकदाही पन्नाशी ओलांडलेली नव्हती. अर्थात २०२० ची मंदी साथीमुळे आली, तिचं श्रेय व्याजदरांना देणं बरोबर नाही. आणि २०२३ मध्ये आकडा ७१ पर्यंत चढला, तेव्हा मात्र एनबीईआरने मंदीचं शिखर नोंदवलं नाही.

म्हणून रेघ तुमच्या कामाच्या हिशेबाने ठरवा. चुकीच्या इशाऱ्याची किंमत कमी आणि गाफील राहण्याची किंमत जास्त असेल, उदाहरणार्थ अमेरिकी ग्राहकांवर चालणाऱ्या निर्यातदाराला माल किती भरून ठेवायचा हे ठरवायचं असेल, तर २५-३० टक्क्यांची रेघ योग्य. ३० टक्क्यांच्या रेघेवर वरच्या चारही मंद्या सापडतात. त्याबदल्यात १९६६ च्या अखेरचा आणि २०२२-२४ चा असे दोन खोटे इशारेही पदरात पडतात.

मॉडेलची गुणवत्ता मोजायला ब्रायर गुणांक वापरा. तो ग्रेटलमध्ये हातानेच निघतो. बारा महिने मागची संभाव्यता आणि प्रत्यक्ष ० किंवा १ यांच्या वजाबाकीचा वर्ग घ्या:

चूक = (शक्यता(-१२) - यूएसआरईसी)^२

आणि १९६०:०१ ते २०२३:१२ या काळातली तिची सरासरी पाहा. जितकी कमी तितकं चांगलं. तुलना कशाशी करायची? दर महिन्याला नुसती १२.४ टक्के ही सरासरी सांगत बसलं तर ब्रायर ०.१०८ येतो. तुमचं मॉडेल याच्या खाली जात नसेल तर ते काहीच सांगत नाही.

खरी परीक्षा

वरचं सगळं मागे वळून केलेलं आहे. २००८ घडून गेल्यावर २००८ चा अंदाज बरोबर येणं यात नवल नाही. खरी परीक्षा अशी: 'सॅम्पल' १९६०:०१ ते १९८९:१२ वर थांबवा, गुणांक काढा, ते कागदावर लिहून घ्या आणि त्याच गुणांकांनी १९९० नंतरची संभाव्यता काढा. १९६० ते १९८९ या तीस वर्षांत पाच मंद्या आणि ३६० पैकी ५९ मंदीचे महिने आहेत. मग १९९९:१२ पर्यंत, मग २००६:१२ पर्यंत असं पुढे जा. प्रत्येक वेळी गुणांक किती हलतो ते टिपून ठेवा. २०२३-२४ चे महिने आत घेतल्यावर फरकाचा गुणांक शून्याकडे सरकतो, कारण खोल उलट्या वक्रानंतरही तिथे शून्यंच आहेत.

या सरकण्यामागचं कारण आकड्यांबाहेर आहे. दहा वर्षांच्या दरात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: पुढच्या काळातल्या अल्पमुदतीच्या दरांबद्दलची अपेक्षा, आणि पैसे दीर्घकाळ अडकवण्याबद्दल गुंतवणूकदार मागतो तो जादा मोबदला. २००८ नंतर फेडने रोख्यांची प्रचंड खरेदी केली आणि हा मोबदला दाबला गेला. त्यामुळे अपेक्षा फारशा वाईट नसतानाही वक्र सहज उलटा होऊ लागला. १९७० च्या दशकातला उणे अर्धा टक्का आणि आजचा उणे अर्धा टक्का सारख्या वजनाचा नाही. मॉडेलला हे माहीत नसतं, ते वापरणाऱ्याला माहीत हवं.

आणखी चलं घालण्याचा मोह

शेअर निर्देशांक, बेरोजगारी, घरबांधणीचे परवाने, कंपनी रोख्यांवरचा जादा दर, सगळं घालून पाहावंसं वाटतं. दोन चलांपर्यंत जा, फार तर तीन. नऊ मंद्यांवर आठ चलं बसवली तर भूतकाळ हुबेहूब जुळतो आणि पुढचा अंदाज कोसळतो. कधीकधी सॉफ्टवेअर स्वतःच 'परफेक्ट प्रेडिक्शन' असा संदेश देऊन थांबतं. ते यश समजू नका. चलांनी एकेक मंदी पाठ केली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

फेडरल फंड्स दर (फेडचा धोरणदर) हे दुसरं चल म्हणून घालून पाहण्यासारखं आहे. वक्र उलटा होताना धोरणदर मुळात उंच आहे की कमी, याने फरक पडतो.

बेरोजगारी किंवा रोजगाराचे आकडे घ्यायचे तर एक खबरदारी. ते नंतर सुधारले जातात. आज फ्रेडवर २००८ चा जो रोजगाराचा आकडा दिसतो, तो २००८ मध्ये कोणाकडेच नव्हता. त्यावरून 'मॉडेलने २००८ ओळखली असती' म्हणणं खोटं ठरतं. त्या त्या तारखेला उपलब्ध असलेले आकडे फ्रेडच्याच 'अल्फ्रेड' या भागात मिळतात, तेच वापरा. व्याजदर असे मागाहून बदलत नाहीत, हा या मॉडेलचा मोठा फायदा.

बेरोजगारीवर चालणारा साम नियम वेगळ्या कामाचा आहे. बेरोजगारी दराची तीन महिन्यांची सरासरी मागच्या बारा महिन्यांतल्या किमान सरासरीपेक्षा अर्धा टक्का वर गेली की तो वाजतो. तो मंदी सुरू झाल्यावर तिची चाहूल देतो, वर्षभर आधी नाही. जुलै २०२४ च्या आकड्यांवर तो ०.५३ ला वाजला, तेव्हाही समितीने मंदी जाहीर केली नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहा, पण एका समीकरणात कोंबू नका.

भारतासाठी हेच करता येईल का

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. याच रूपात, नाही. भारतात एनबीईआरसारखी मंदीच्या तारखा ठरवणारी अधिकृत समिती नाही. वार्षिक जीडीपी घसरल्याची वर्षं १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८० आणि २०२०-२१. पहिल्या चारांमागे मुख्यतः दुष्काळ, जोडीला युद्ध किंवा तेलाचे भाव, पाचव्यामागे साथ. तिमाही जीडीपी १९९६-९७ पासूनच मिळतो, आणि त्या काळात घसरणीचा प्रसंग एकच आहे. एका प्रसंगावर प्रोबिट बसत नाही. शिवाय बँकांना वैधानिक तरलतेसाठी सरकारी रोखे बाळगावेच लागतात, त्यामुळे दीर्घ मुदतीच्या दरात बाजाराची अपेक्षा अमेरिकेइतकी स्वच्छ उतरत नाही.

करायचंच असेल तर 'मंदी'ऐवजी 'वेग मंदावणं' हे अवलंबी चल घ्या, उदाहरणार्थ औद्योगिक उत्पादन निर्देशांकाची वार्षिक वाढ, आणि साधं रेषीय समीकरण वापरा. निर्देशांकाचं आधारवर्ष बदलतं तिथे मालिका जोडताना वाढीचे दर जोडा, निर्देशांकाचे आकडे नव्हेत. व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या डेटाबेसमधून घ्या. भारतातल्या ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा परतावा ३६५ दिवसांच्या हिशेबानेच सांगितला जातो, म्हणून वरचं बदलाचं सूत्र इथे लावू नका. लावलं तर दर विनाकारण फुगेल.

दर महिन्याचं काम

मासिक सरासरी महिना संपल्यावर पहिल्या काही दिवसांत फ्रेडवर येते. सीएसव्ही नव्याने उतरवा, जुन्या फाइलला ओळ चिकटवत बसू नका. ग्रेटलमध्ये केलेल्या सगळ्या आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये ठेवा, म्हणजे नवी फाइल उघडून एकदा चालवली की झालं. गुणांक मात्र दर महिन्याला काढू नका, वर्षातून एकदा पुरे. नाहीतर आकडा व्याजदरामुळे हलला की गुणांकामुळे, हे कळणार नाही.

शेजारी एका वहीत किंवा शीटमध्ये चार रकाने ठेवा: आकडा काढल्याची तारीख, फरक, संभाव्यता आणि तो कोणत्या महिन्याबद्दल आहे. लिहिलेला आकडा नंतर खोडू नका. बारा महिन्यांनी पाचव्या रकान्यात काय घडलं ते भरा, आणि समितीने त्या महिन्याबद्दल काही म्हटलेलं नसेल तर शून्य न टाकता रकाना कोराच ठेवा.